आधी सांगा, मग लिहा

मुलांसाठी किंवा किशोरांसाठी कादंबरी लिहू पाहणाऱ्यांची हस्तलिखितं अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. लिहिणाऱ्यांत शिक्षक असतात, निवृत्त अधिकारी असतात, घरी नातवंडं असलेल्या आज्या असतात, आणि अलीकडे तिशीतली नोकरदार मंडळीही असतात. भाषा चांगली असते, घेतलेले कष्ट दिसतात. तरी दहाएक पानं झाली की एक गोष्ट खटकू लागते. ही गोष्ट कुणाला सांगितली जातेय? लेखकासमोर एखादं मूल बसलेलं दिसत नाही. समोर असतो तो ‘बालवर्ग’, आणि त्याला काहीतरी शिकवायचं असतं. मग नायक पहाटे उठतो, आजोबांच्या पाया पडतो, झाडं लावण्याबद्दल चार वाक्यं बोलतो आणि पाचव्या प्रकरणात चोर पकडून देतो. वाचणारं मूल तिथवर पोचतच नाही.

अशा वेळी मी एकच सांगतो. आणखी लिहू नका. आधी ही गोष्ट एका मुलाला तोंडी सांगा. आणि मग सवडीने ॲस्ट्रिड लिंडग्रेन या स्वीडिश लेखिकेचं आयुष्य समजून घ्या. मुलांसाठी लिहिणं म्हणजे काय, हे शिकायला मला तरी त्याहून चांगली शाळा सापडलेली नाही. शंभराहून जास्त भाषांत तिची पुस्तकं गेली, हा तपशील त्या मानाने दुय्यम आहे. ती पुस्तकं जन्मली कशी, ते पाहू.

ॲस्ट्रिडचा जन्म १४ नोव्हेंबर १९०७चा. आपण ज्या तारखेला बालदिन साजरा करतो, तीच तारीख. दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलंड प्रांतात विमरब्यू नावाचं छोटं गाव आहे. त्याला लागून असलेल्या नेस इथे तिचे वडील चर्चच्या मालकीची जमीन खंडाने कसत. चार भावंडं, गडीमाणसं, गुरं, गवताच्या गंजी. पुस्तकं बेताचीच. पहिली गोष्ट तिच्या कानावर पडली ती गुरं सांभाळणाऱ्या गड्याच्या घरी, स्वयंपाकघरात. त्या घरची मुलगी एडिट हिने एका राक्षसाची आणि परीची गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली. तो क्षण लिंडग्रेन म्हातारपणापर्यंत विसरल्या नाहीत. एक बसकं स्वयंपाकघर, वाचणारा आवाज आणि ऐकणारं पोर. पुढची सगळी कारकीर्द या तीन गोष्टींवर उभी आहे.

म्हणून पहिलं काम हे करा. स्वतःच्या सहा ते बारा या वयातल्या वीस गोष्टी कागदावर उतरवा. ‘बालपण रम्य होतं’, ‘आम्ही खूप मजा करायचो’ यातलं काहीही धरायचं नाही. प्रत्येक नोंदीत एक जागा हवी, एक वस्तू हवी, आणि जमल्यास एक भीती हवी. नेसच्या आवारातल्या एका जुन्या पोकळ झाडात घुबडाचं घरटं होतं. ॲस्ट्रिडच्या थोरल्या भावाने, गुन्नारने, त्यात कोंबडीचं अंडं नेऊन ठेवलं, आणि घुबडाने ते उबवून दिलं. ही हकिकत पुढे ‘बुल्लरब्यू’च्या गोष्टींत आली. लपायची जागा असलेलं तसंच एक पोकळ झाड तिची नायिका पिप्पी हिच्या अंगणातही आहे. कल्पनाशक्तीची भरारी कितीही मोठी असो, ती उडते अशा एखाद्या झाडावरून. आपल्याकडे भा. रा. भागवतांनी बनेश फेणेला फुरसुंगीचा केला आणि पुण्यात शिकायला ठेवला. पोरगं कुठलं, तर फुरसुंगीचं, हे कळल्याबरोबर ते खरं वाटू लागतं. तुमच्या नायकाचं गाव कोणतं? ‘एका गावात’ असं लिहिलं असेल तर आजच खोडा.

शाळेत ॲस्ट्रिडचे निबंध चांगले असत. १९२१ साली त्यातला एक गावच्या वर्तमानपत्रात छापून आला, आणि लोक तिला विमरब्यूची सेल्मा लागरलॉफ म्हणून चिडवू लागले. लागरलॉफ म्हणजे साहित्याचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री. त्या चिडवण्याचा मुलीने असा धसका घेतला की आपण आयुष्यात पुस्तक लिहायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं. तिचं पहिलं पुस्तक आलं १९४४ साली, वयाच्या सदतिशीत. ‘आता उशीर झाला’ म्हणणाऱ्या वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आणि वर्गातल्या एखाद्या मुलीचा निबंध आवडला म्हणून तिला लगेच मोठ्या नावाशी जोडणाऱ्या शिक्षकांनीही.

आता या आयुष्यातली सर्वांत अवघड जागा. तिथे थोडं थांबणं भाग आहे.

शाळा संपल्यावर ॲस्ट्रिड त्याच वर्तमानपत्रात कामाला लागली. अठराव्या वर्षी ती तिथल्या संपादकापासून गरोदर राहिली. तो तिच्याहून तीसेक वर्षांनी मोठा, विवाहित, अनेक मुलांचा बाप. त्याच्याशी लग्न करायला तिने नकार दिला आणि गाव सोडलं. स्टॉकहोममध्ये टायपिंग आणि लघुलेखन शिकली. ४ डिसेंबर १९२६ला तिने कोपनहेगनमध्ये मुलाला जन्म दिला, कारण तिथल्या एका रुग्णालयात आईबापाचं नाव सरकारदरबारी न कळवता बाळंतपण होत असे. मुलाचं नाव लार्स, लाडाचं लासे. त्याला तिथेच एका प्रेमळ बाईकडे सांभाळायला ठेवावं लागलं. ॲस्ट्रिड स्टॉकहोमला टायपिस्टची नोकरी करायची आणि पैसे साठले की रेल्वेने डेन्मार्कला जाऊन एखाद-दोन दिवस मुलाला भेटून यायची. तीन वर्षं असं चाललं. सांभाळणारी बाई आजारी पडली तेव्हा, १९३०च्या सुरुवातीला, ती त्याला घेऊन आली. मूल तीन वर्षांचं झालं होतं, ज्या बाईला आई म्हणत होतं ती मागे राहिली होती, आणि भाषाही त्याला बदलावी लागली. काही काळ ते नेसला आजी-आजोबांकडे राहिलं. १९३१ साली ॲस्ट्रिडने स्तुरे लिंडग्रेनशी लग्न केलं आणि मग मायलेक एका घरात राहू लागले.

हे सारं त्यांनी कधी आत्मचरित्र म्हणून मुलांपुढे मांडलं नाही. पण ‘मिओ, माझ्या मिओ’ (१९५४) वाचा. स्टॉकहोममधला दुसऱ्याच्या घरी वाढणारा एक मुलगा संध्याकाळी बागेतल्या बाकावर एकटा बसलेला असतो, आणि तिथून तो एका दूरच्या राज्यात जातो. तिथला राजा त्याचा बाप असतो. ‘रास्मुस’ (१९५६) वाचा. अनाथाश्रमातला नऊ वर्षांचा मुलगा पळून जातो, कारण दत्तक घ्यायला येणारी माणसं नेहमी कुरळ्या केसांच्या मुलीच निवडतात. ही पोरं लिंडग्रेनबाईंना कुठे भेटली, हे सांगायला समीक्षक लागत नाही. पण त्यांनी लिहिलं ते मुलाच्या जागेवरून. आईला काय भोगावं लागलं, यातलं अक्षर त्यात नाही.

तुमच्यासाठी यातून निघणारा सराव कठीण आहे, तरी टाळू नका. तुम्ही मोठेपणी ज्या मुलाला दुखावलं असेल, असं एक मूल आठवा. स्वतःचं, भावाचं, वर्गातलं. त्याला मारलं असेल, त्याचं खरं मानलं नसेल, त्याला ठेवून निघून गेला असाल. तो प्रसंग दोन पानांत त्या मुलाच्या डोळ्यांनी लिहा. तुमची बाजू, तुमची अडचण, तुमचा पश्चात्ताप यातलं काही त्यात येता कामा नये. मुलाला त्या वेळी जेवढं दिसलं आणि कळलं तेवढंच. ही दोन पानं कुणाला दाखवू नका, पण लिहा. मुलांची कादंबरी कोणत्या उंचीवरून लिहायची असते, ते हात शिकतो तो इथे. ज्यांना ही दोन पानं जमत नाहीत, त्यांनी मोठ्यांसाठी लिहावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पिप्पीची जन्मकथा बहुतेकांच्या कानावर असते, पण तिच्यातला कामाचा भाग निसटतो. १९४१चा हिवाळा होता. धाकटी मुलगी कारिन न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेली. तिने आईला सांगितलं, पिप्पी लाँगस्टॉकिंगची गोष्ट सांग. हे नाव त्या क्षणी मुलीच्या तोंडून निघालेलं, आईने ते कधी ऐकलेलं नव्हतं. आईने ‘ही कोण?’ असं विचारलं नाही. नाव चमत्कारिक, तर मुलगीही चमत्कारिकच असणार, असं धरून तिने सांगायला सुरुवात केली. एकटी राहणारी, घोडा उचलणारी, सोन्याच्या नाण्यांची पेटी बाळगणारी मुलगी त्या आजारी खोलीत तयार झाली. पुढे जवळजवळ तीन वर्षं ही गोष्ट नुसती तोंडी चालली. ऐकायला कारिन असे, तिच्या मैत्रिणी असत, नात्यातली मुलं असत. मार्च १९४४मध्ये लिंडग्रेनबाई बर्फावरून घसरल्या, घोटा मुरगळला आणि अंथरुणात पडून राहावं लागलं. तेव्हा कुठे त्यांनी त्या गोष्टी लघुलिपीत उतरवल्या. टंकलिखित प्रत २१ मे रोजी कारिनला दहाव्या वाढदिवसाला मिळाली.

तीन वर्षं म्हणजे किती सांगणं झालं असेल, याचा हिशेब करा. जे प्रसंग ऐकताना पोरं कंटाळली, ते केव्हाच गळाले असणार. जे ‘परत सांग’ म्हणून मागितले गेले, ते शब्दाशब्दाने घट्ट झाले असणार. कागदावर आलेली प्रत ही त्या अर्थी पहिला खर्डा नव्हतीच.

हे तुम्हालाही करता येईल. गोष्टीचा कच्चा आराखडा मनात असला की पुरे. ती तीन वेगवेगळ्या मुलांना तीन वेगळ्या दिवशी सांगा. आपलं मूल त्यात एकच असू द्या, कारण आपलं मूल आपल्याला सांभाळून घेतं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. नंतर ऐकताना स्वतःच्या वाक्यांचं कौतुक करत बसू नका, मूल कुठे मध्ये बोललं तेवढंच टिपा. ‘मग?’ आणि ‘पण का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘मग?’ आलं तर गोष्ट चालते आहे. ‘पण का?’ आलं तर तुम्ही काहीतरी सांगायचं राहिलं आहे. आणि मुलाने मध्येच वेगळाच विषय काढला, तर ती जागा कापायची आहे. ‘आवडली का?’ असं विचारू नका. आपल्या घरांतली मुलं पाहुण्यांना आणि काका-मावशांना ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी दोन दिवसांनी तीच गोष्ट त्यालाच तुम्हाला सांगायला लावा. तो जे विसरला ते पुस्तकात नसलं तरी चालेल. त्याने जे बदललं त्याचा मात्र गंभीरपणे विचार करा. बहुतेक वेळा त्याचं म्हणणं बरोबर असतं.

पिप्पीची प्रत लिंडग्रेनबाईंनी बोनिअर्स या स्वीडनमधल्या बड्या प्रकाशनाकडे पाठवली आणि ती साभार परत आली. याच सुमारास राबेन अँड श्योग्रेन या नवख्या प्रकाशनाने मुलींसाठीच्या कादंबऱ्यांची स्पर्धा जाहीर केली. तिच्यात त्यांनी दुसरंच एक पुस्तक पाठवलं, पंधरा वर्षांच्या मुलीने पत्रांतून सांगितलेली कहाणी. त्याला दुसरं बक्षीस मिळालं, आणि तेच त्यांचं पहिलं छापील पुस्तक ठरलं. पुढच्या वर्षी त्याच प्रकाशनाच्या स्पर्धेत सुधारलेली पिप्पी पहिली आली आणि १९४५च्या अखेरीस बाजारात आली.

‘सुधारलेली’ या शब्दाकडे लक्ष द्या. मूळ टंकलिखित २००७ साली स्वतंत्र पुस्तक म्हणून छापलं गेलं, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. मूळची पिप्पी जास्त दांडगट आहे, मोठ्यांना जास्त फटकारते, निरर्थक शब्दखेळही तिथे पुष्कळ आहे. छापील पिप्पीची ताकद तेवढीच राहिली, पण तिच्यात माया आली, आणि मधूनच तिचं एकटेपण दिसू लागलं. मला यातला धडा फार मोलाचा वाटतो. सांगताना जे खपतं ते सगळं वाचताना खपत नाही. तोंडी गोष्टीत सांगणाऱ्याचा चेहरा असतो, डोळ्यांतलं हसू असतं, त्यामुळे उद्धट वाक्यही गोड लागतं. कागदावर ते हसू वाक्यातच आणावं लागतं. म्हणजे आधी सांगा, मग लिहा, आणि मग पुन्हा लिहा. साभार परत आलेलं हस्तलिखित जसंच्या तसं दुसऱ्या पाकिटात घालू नका. चार महिने बाजूला ठेवा.

स्पर्धांबद्दल आणि मासिकांबद्दल लोक विचारतात. पाठवा, अवश्य पाठवा. ‘किशोर’ १९७१पासून निघतंय, मुलांचे दिवाळी अंक आहेत. कादंबरीतलं एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहतं का, हे तपासायला त्याहून चांगली जागा नाही. पिप्पीचं जवळपास प्रत्येक प्रकरण एका बैठकीत सांगून होईल असं आहे, कारण ते तसंच, एका झोपायच्या वेळेत, सांगितलं गेलं होतं.

१९४६ साली जॉन लांडक्विस्ट या प्राध्यापकाने वर्तमानपत्रात पिप्पीवर कडाडून टीका केली. अशी मुलगी नैसर्गिक नाही, असं वागणं मुलांना बिघडवील, असा त्याचा रोख होता. ही टीका आपल्याकडच्या लेखकाला आजही ऐकावी लागते, फक्त आपण तिथे ‘संस्कार’ हा शब्द वापरतो. मला स्वतःला संस्कार या गोष्टीचं वावडं नाही. पण पिप्पीकडे नीट पाहा. जगातली सर्वांत बलवान मुलगी आहे ती. घोडा उचलते, पहिलवानाला लोळवते. हे बळ ती दुबळ्यावर एकदाही चालवत नाही. चोर आले तर त्यांना नाचायला लावते आणि जाताना सोन्याचं नाणं हातावर ठेवते. सत्ता हाती असून ती वाईट कामाला वापरायची नाही, हा धडा महायुद्धाच्या काळात लिहिलेल्या पुस्तकात आहे, आणि तो कुठेही वाक्यात सांगितलेला नाही. लेखिका त्या वर्षांत टपालाच्या युद्धकालीन तपासणी खात्यात काम करत होती, लोकांची पत्रं वाचत होती आणि घरी युद्धाची रोजनिशी लिहीत होती. मूल्य असं गोष्टीच्या हाडांत मुरलेलं असावं. तुमच्या हस्तलिखितात ‘त्या दिवसापासून त्याने ठरवलं की’ अशी सुरुवात असलेली जेवढी वाक्यं असतील, ती सगळी काढून टाका. गोष्ट तरीही उभी राहिली तर ती गोष्ट आहे.

कामाच्या शिस्तीचं थोडक्यात सांगतो. १९४६ ते १९७० लिंडग्रेनबाई त्याच प्रकाशनात मुलांच्या पुस्तकांच्या संपादक होत्या. सकाळी घरी, बरेचदा अंथरुणातच, लघुलिपीत लिहायचं. दुपारी कार्यालयात जाऊन इतरांची हस्तलिखितं वाचायची. लघुलिपीच्या त्यांच्या सहाशेहून जास्त वह्या आज स्टॉकहोममध्ये जतन केलेल्या आहेत. तेव्हा नोकरी सोडून लेखनाला वाहून घेण्याचा विचार करणाऱ्यांनी घाई करू नये. सकाळचे दोन तास रोज मिळाले तर पुष्कळ झाले. आणि दुसऱ्या कुणाचं तरी हस्तलिखित महिन्याला एक वाचा. आपले दोष आपल्याला आधी दुसऱ्याच्या लिखाणात दिसतात.

एमिलची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९६०च्या दशकातला एक उन्हाळा, तीन वर्षांचा नातू भोकाड पसरून बसलेला. आजीने त्याच्याहून मोठ्या आवाजात विचारलं, लोन्नेबेर्याच्या एमिलने एकदा काय केलं होतं, माहीत आहे? पोरगं गप्प झालं, कारण उत्तर ऐकायचं होतं. उत्तर आजीलाही माहीत नव्हतं. एमिलच्या पुढच्या पुस्तकांसाठी त्यांनी आपल्या वडिलांच्या, सामुएल ऑगस्टच्या, बालपणीच्या आठवणी वापरल्या. वडील नव्वदीच्या पुढे गेले होते आणि त्यांना जुन्या बाजारभावांपासून शेजारपाजाऱ्यांच्या खोड्यांपर्यंत सगळं आठवत होतं. तुमच्या घरात असं माणूस असेल तर आज त्याच्याजवळ बसा. ‘तुमच्या वेळचे संस्कार सांगा’ असं म्हणू नका. मार कशाबद्दल खाल्लात, ते विचारा.

आता मरणाबद्दल. लिहिणारे इथे सर्वांत जास्त घाबरतात. आपल्या घरांत आजी ‘देवाघरी’ जाते, मुलाला बाजूच्या खोलीत नेतात, आणि त्याचे प्रश्न त्याच्याजवळच राहतात. लिंडग्रेनबाईंनी १९७३ साली ‘लायनहार्ट बंधू’ लिहिलं. विमरब्यूच्या दफनभूमीत १८६० साली गेलेल्या दोन लहानग्या भावांच्या थडग्यावरचा लोखंडी क्रूस त्यांनी पाहिला होता, त्यातून ही दोन भावंडं सुचली. धाकटा आजारी आहे, मरणार आहे, आणि त्याला ते कळलेलं आहे. थोरला त्याला मरणानंतरच्या एका देशाची गोष्ट सांगतो. पण घराला आग लागते आणि धाकट्याला पाठीवर घेऊन उडी मारताना थोरलाच आधी मरतो. कादंबरीचा शेवटही मरणाच्या उंबरठ्यावर आहे. मोठ्या समीक्षकांनी यावर आक्षेप घेतले. मुलांनी मात्र पत्रं लिहून विचारलं, त्या पुढच्या देशात काय झालं?

मरण लिहायचं असेल तर माझ्या मते एवढं पाळा. धक्का द्यायला मरण वापरू नका. त्याबद्दल खोटं सांगू नका. आणि वाचणाऱ्या मुलाला तिथे एकटं सोडू नका, कुणाचा तरी हात त्याच्या हातात असू द्या. त्या कादंबरीत तो हात भावाचा आहे.

तेरा-चौदा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिणाऱ्यांनी ‘रोन्या’ (१९८१) जवळ ठेवावी. ती लिहिली तेव्हा लेखिका सत्तरी ओलांडून गेलेली होती. वादळी रात्री दरोडेखोराच्या गढीत एक मुलगी जन्मते. बाप तिच्यावर जीव टाकतो. ती मोठी होते, शत्रूच्या टोळीतला बिर्क तिचा भावासारखा मित्र होतो, आणि एक दिवस तिला कळतं की बाप ज्यावर जगतो तो धंदा आपल्याला मान्य नाही. बाप म्हणतो, मला मुलगी नाही. ती रानात राहायला जाते. बाप दुष्ट नाही, मुलगी उद्धट नाही, दोघंही एकमेकांवाचून झुरतात, तरी तिला जावं लागतं. मराठीतल्या किशोर कादंबऱ्यांत मला हे क्वचित सापडतं. आपल्याकडे आईबाप एक तर आदर्श असतात किंवा गैरहजर. या वयाच्या वाचकाच्या पोटात रोज जे चाललेलं असतं ते याच्या मधलं आहे: ज्यांच्यावर प्रेम आहे त्यांच्याशीच पटत नाही. त्यावर लिहा. परीक्षेचे गुण, मोबाइल, प्रेमपत्र ही वरवरची निमित्तं आहेत.

आणखी एक सूचना. मतं मांडायची असतील तर लेख लिहा. १९७६ साली स्वयंरोजगारावरच्या करांचा हिशेब १०२ टक्क्यांवर गेला, तेव्हा लिंडग्रेनबाईंनी त्यावर एक उपहासकथा लिहून वर्तमानपत्राकडे धाडली, आणि देशभर खळबळ उडाली. जनावरांच्या हालांबद्दलही त्या पुढे अनेक वर्षं वर्तमानपत्रांतूनच लढल्या. कादंबरीत त्यांनी हे विषय घुसवले नाहीत. १९७८ साली फ्रँकफर्टमध्ये जर्मन पुस्तकविक्रेत्यांचा शांतता पुरस्कार घेताना त्यांनी मुलांना मारण्याविरुद्ध भाषण केलं. त्यात एक हकिकत सांगितली. आईने मुलाला चूक केली म्हणून छडी शोधून आणायला पाठवलं. मुलगा बराच वेळाने रडत आला, हातात दगड. छडी मिळाली नाही, पण हा तू मला मारू शकतेस, असं त्याने सांगितलं. आईला तेव्हा सगळं मुलाच्या बाजूने दिसलं. आपल्याला दुखवायचंच आहे, तर दगडानेही चालेल, असं त्याने धरलं होतं. तिने तो दगड पुढे स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिला. पुढच्याच वर्षी, १९७९ साली, मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घालणारा स्वीडन हा जगातला पहिला देश ठरला. एका भाषणाने कायदा होत नाही, त्यामागे अनेकांचं काम होतं. पण वर जो दोन पानांचा सराव सांगितला, तो या दगडासाठीच आहे.

अनुवाद करणाऱ्यांना एक वाक्य सांगायचं आहे: छाटू नका. पिप्पीच्या जुन्या फ्रेंच आवृत्तीत घोड्याचं तट्टू करण्यात आलं, कारण मुलगी घोडा उचलते हे तिथल्या मुलांना पटणार नाही, असं प्रकाशकाला वाटलं. मग तट्टू उचलणाऱ्या मुलीचा फोटो तेवढा पाठवा, असं लेखिकेने कळवलं होतं.

पुस्तक आलं की पत्रं येतील, हल्ली संदेश येतात. त्यांना उत्तरं द्या. लिंडग्रेनबाईंकडे आलेल्या पत्रांचा साठा सुमारे ७५,००० आहे आणि युनेस्कोने त्यांचा सगळा दप्तरसंग्रह जागतिक स्मृतीच्या यादीत घेतला आहे. १९७१ साली एका बारा वर्षांच्या रागावलेल्या मुलीचं पत्र आलं. त्यांनी तिला बरोबरीच्या माणसासारखं उत्तर लिहिलं आणि हा पत्रव्यवहार अनेक वर्षं टिकला. अशा मुलीला ‘छान, खूप मोठी हो’ असं छापील उत्तर देणाऱ्याने तिच्यासाठी कादंबरी लिहू नये.

२८ जानेवारी २००२ रोजी, वयाच्या ९४व्या वर्षी, त्या स्टॉकहोममधल्या दालागातान रस्त्यावरच्या घरी गेल्या. १९४१पासून त्या तिथेच राहत होत्या. कारिन आजारी पडली आणि पिप्पीची मागणी झाली, ते हेच घर.

तुमचं हस्तलिखित मला जरूर पाठवा. पहिल्या पानावर परिचय, पुरस्कार, मनोगत यातलं काही नको. तीन ओळी पुरतील: ही गोष्ट तुम्ही किती वयाच्या मुलाला सांगितलीत, ते कुठे मध्ये बोललं, आणि त्याने काय विचारलं.